सशस्त्र अतिरेकी गटांचा अभ्यास: संशोधकाची कामाची पद्धत आणि त्यातले धोके

हिशाम अल-हाशिमी हे आयसिसचे इराकमधले नावाजलेले अभ्यासक. ६ जुलै २०२० रोजी बगदादमध्ये, स्वतःच्या घरासमोर गाडीत असताना, मोटारसायकलवरून आलेल्या मारेकऱ्यांनी त्यांना गोळ्या घातल्या. रिक स्कार्स हा अमेरिकन समाजशास्त्रज्ञ पर्यावरण आणि प्राणिमुक्तीच्या जहाल चळवळींवर काम करत होता. मुलाखती देणाऱ्यांविषयी ग्रँड ज्युरीपुढे (आरोप ठेवायचा का हे ठरवणारे नागरिकांचे मंडळ) बोलायला त्याने नकार दिला आणि १९९३ मध्ये १५९ दिवस तुरुंगात काढले. २००८ मध्ये नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याला अल-कायदाची पुस्तिका डाउनलोड केल्यावरून दहशतवादविरोधी कायद्याखाली अटक झाली. ती पुस्तिका अमेरिकेच्या न्याय खात्याच्या संकेतस्थळावर उपलब्ध होती.

तिघांपैकी एकही त्या क्षणी युद्धक्षेत्रात हिंडत नव्हता. एकावर घराच्या दारात वेळ आली, दुसऱ्यावर न्यायालयात, तिसऱ्यावर विद्यापीठात. या क्षेत्रात नव्याने येणारे लोक चिलखती जाकिटाचा विचार आधी करतात आणि लॅपटॉपचा सर्वांत शेवटी. हा क्रम उलटा हवा. पुढच्या सगळ्या सूचनांच्या मुळाशी एकच नियम आहे: जी माहिती तुम्हाला जपता येणार नाही, ती गोळाच करायची नाही.

जायची गरज आहे का, हे आधी तपासा

संशोधनाचा मुख्य प्रश्न आठ-दहा उपप्रश्नांत मोडा. प्रत्येक उपप्रश्नापुढे तीन रकाने करा: उत्तर कुठून मिळेल, ते मिळवताना कोणाला धोका पोहोचेल, आणि त्याच्याशिवाय प्रबंध उभा राहतो का. बरेचसे उपप्रश्न टेबलावरच सुटतात. मेरीलँड विद्यापीठात तयार झालेल्या ग्लोबल टेररिझम डेटाबेसमध्ये १९७० पासूनच्या हल्ल्यांच्या नोंदी आहेत. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाचा प्रकल्प वर्षाला किमान २५ लढाईतले मृत्यू झालेले संघर्ष मोजतो. ओसामा बिन लादेनच्या अबोटाबादमधल्या घरातून जप्त केलेल्या सुमारे ४,७०,००० फाइली सीआयएने नोव्हेंबर २०१७ मध्ये खुल्या केल्या. खटल्यांचे निकाल आणि साक्षी तर बहुतेक देशांत सहज मिळतात.

या प्रत्येक साधनात आपापली खोट आहे. बातम्यांवर उभारलेल्या नोंदींत पत्रकार पोहोचत नाहीत तिथले हल्ले गळतात. न्यायालयात फक्त पकडले गेलेले दिसतात. जप्त कागदपत्रांतून काय प्रसिद्ध करायचे, ते जप्त करणारा ठरवतो. कागदांच्या मालकीचा प्रश्नही असतोच. न्यूयॉर्क टाइम्सने इराकमधून आयसिसची १५,००० हून अधिक पाने बाहेर नेली, तेव्हा परवानगी कोणाची घेतली आणि त्यात नावे असलेल्या सामान्य माणसांचे काय, यावर मोठा वाद झाला. पडक्या कार्यालयात सापडलेली रजिस्टरे 'उचलून आणण्याआधी' हा वाद नीट वाचावा.

तक्त्यात जे उपप्रश्न उरतील तेवढ्यांसाठीच मुलाखती. पहिल्याच प्रकल्पात गटातल्या सक्रिय माणसांना गाठू नका. बाहेर पडलेले, शिक्षा भोगून सुटलेले, त्यांचे कुटुंबीय, स्थानिक पत्रकार, वकील यांच्यापासून सुरुवात करा. सक्रिय सदस्याची मुलाखत छापली की लेखकाचे वजन वाढते, हे खरे. पण असा माणूस बहुधा गटाची ठरलेली भूमिका ऐकवतो. सोडून आलेला माणूस कुरकुर, भांडणे, थकलेला पगार यांबद्दल बोलतो, आणि गट आतून कसा चालतो ते त्यातूनच कळते.

कायदा आणि नीतिसमिती

पहिला दुवा उघडण्यापूर्वी हे काम पुरे करा. ब्रिटनच्या २००० च्या दहशतवाद कायद्यातील कलम ५८ नुसार दहशतवादी कृत्याला उपयोगी पडेल अशी माहिती बाळगणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ऑनलाइन नुसते पाहणेही त्यात आले आणि कमाल शिक्षा १५ वर्षांची झाली. शैक्षणिक संशोधन हे रास्त कारण म्हणून त्यात नमूद आहे. पण तो बचाव आहे, म्हणजे तो मांडायची वेळ येते तेव्हा तुमचा लॅपटॉप पोलिसांकडे गेलेला असतो. न्यूझीलंडमध्ये १५ मार्च २०१९ च्या क्राइस्टचर्च हल्ल्याचा व्हिडिओ जवळ बाळगणे हाच गुन्हा आहे. अमेरिकेत बंदी असलेल्या संघटनेला 'साहाय्य' या शब्दाची व्याप्ती फार मोठी आहे. तिच्या समन्वयाने शांततेच्या मार्गांचे प्रशिक्षण देणेही त्यात बसू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ठरवले. मुलाखतीचे मानधन, गाडीतून सोडणे, पत्रकाचे भाषांतर करून देणे, यांतली कुठली गोष्ट अडचणीची ठरेल ते वकिलालाच विचारा. तुम्ही राहता तो देश, जिथे जाणार तो देश आणि जिथे फाइली साठवल्या आहेत तो देश, असे तिन्ही कायदे लागू होतात.

नीतिसमितीकडून (संशोधनाने कोणाला इजा होणार नाही ना, हे तपासणारी संस्थेची समिती) लेखी मंजुरी घ्या. मंजुरीच्या पत्रात कोणत्या प्रकारचे साहित्य, कोणत्या उपकरणावर, कोणत्या कालावधीत पाहिले जाणार हे आलेच पाहिजे. 'दहशतवादाचा अभ्यास' एवढी मोघम ओळ अडचणीच्या दिवशी काहीच कामाची नसते. एक प्रत संस्थेच्या विधी विभागाकडे, एक मार्गदर्शकाकडे आणि एक तुमच्याजवळ ठेवा.

नव्या संशोधकांच्या हातून सर्वांत मोठी चूक गोपनीयतेचे वचन देताना होते. बॉस्टन कॉलेजच्या प्रकल्पात २००१ ते २००६ या काळात उत्तर आयर्लंडमधल्या दोन्ही बाजूंच्या माजी सशस्त्र कार्यकर्त्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित झाल्या. मुलाखत देणारा जिवंत असेपर्यंत टेप उघडणार नाहीत, असे आश्वासन होते. २०११ मध्ये ब्रिटिश पोलिसांनी परस्पर कायदेशीर साहाय्याच्या कराराआधारे अमेरिकी न्यायालयांमार्फत त्या मागवल्या आणि १९७२ च्या एका खुनाच्या तपासासाठी काही टेप त्यांच्या हाती गेल्या. शिन फेन पक्षाचे तेव्हाचे अध्यक्ष जेरी अॅडम्स यांना २०१४ मध्ये याच प्रकरणात ताब्यात घेतले गेले. आरोप न ठेवता सुटका झाली. ज्यांनी विश्वासाने बोलून ठेवले होते, ती माणसे मात्र आपल्याच समाजात 'चहाडखोर' ठरण्याच्या भीतीत अडकली.

म्हणून संमती घेताना 'कायद्याच्या मर्यादेत' हे शब्द उच्चारा आणि त्यांचा अर्थही सांगा. सही घेऊ नका. सहीचा कागद हा नावांच्या यादीचाच कागद. तोंडी संमती घ्या आणि ती घेतल्याची नोंद फक्त सांकेतिक क्रमांकाने करा. सुरुवातीला साधारण असे बोला: "तुमचे नाव मी कुठेही लिहिणार नाही. न्यायालयाने माझ्या नोंदी मागितल्या तर त्या रोखण्याची हमी मला देता येत नाही. म्हणून ज्याचा तपास झालेला नाही अशा कुठल्याही घटनेबद्दल नाव, तारीख, जागा मला सांगू नका. पुढे काही घडणार असल्याचे सांगितलेत तर मी गप्प राहू शकणार नाही. कुठल्याही प्रश्नाला उत्तर न देता उठून जाऊ शकता." तरीही समोरचा वाहवत जातोच. तेव्हा रेकॉर्डर बंद करा, विषय बदला, आणि तो भाग टिपणातही घेऊ नका.

उपकरणे, खाती, फाइली

या कामासाठी वेगळा लॅपटॉप घ्या. त्यावर वैयक्तिक ईमेल, बँक, कुटुंबाचे फोटो, काहीही नको. पहिल्याच दिवशी, एकही फाइल टाकण्यापूर्वी, संपूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करा, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येणार नाही अशी करा. हे नंतर करण्यात अडचण अशी की एसएसडीवरून (लॅपटॉपमधली चिपवर चालणारी डिस्क) पुसलेली फाइल खरोखर पुसली गेली याची खात्री देता येत नाही. जुने तुकडे चिपमध्ये कुठेतरी राहतात. सुरुवातीपासून एन्क्रिप्ट असेल तर ते तुकडे निरुपयोगी असतात. आणखी एक बाब लोक विसरतात: मशीन चालू किंवा स्लीपमध्ये असताना हे संरक्षण अपुरे असते. विमानतळ, तपासनाका, हॉटेलची खोली, अशा ठिकाणी मशीन पूर्ण बंद करा. फोनचे बोटाचे आणि चेहऱ्याचे अनलॉक आधीच काढून लांब पासकोड ठेवा.

व्हीपीएन वापरा, पण त्याच्याकडून फार अपेक्षा नकोत. तो तुमचा आयपी पत्ता लपवतो; तुम्ही स्वतःच्या नंबरने उघडलेले खाते नाही. टेलिग्रामवर कामासाठी वेगळा नंबर घ्या. 'नंबर कोण पाहू शकतो' यापुढे 'कोणीही नाही' निवडा, संपर्क सिंक बंद करा, आणि मोबाइल डेटा, वायफाय, रोमिंग या तिन्हींसाठी फाइलींचे आपोआप डाउनलोड बंद करा. ही शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची. ती न पाळल्यास न पाहिलेले व्हिडिओही तुमच्या डिस्कवर येऊन बसतात, आणि वर पाहिले तसे, काही देशांत 'जवळ असणे' एवढेच पुरते. चॅनेलमधले वाचक एकमेकांना दिसत नाहीत, ग्रुपमधले दिसतात. शक्यतो चॅनेलपुरतेच राहा. प्रवेशासाठी प्रश्न विचारणारे, निष्ठेची चाचणी घेणारे खासगी ग्रुप दिसले की मागे फिरा. नाव न सांगणे वेगळे आणि खोटी ओळख घेऊन विश्वास मिळवणे वेगळे. दुसरी गोष्ट केलीत की नीतिसमितीची मंजुरी तुम्हाला वाचवत नाही आणि उघडे पडलात तर 'हेर' या आरोपाला तुमच्याकडे उत्तर उरत नाही.

मिळालेल्या प्रत्येक पोस्टची नोंद ठेवा: दुवा, यूटीसीतली (जागतिक प्रमाणवेळ) वेळ, फाइलचा एसएचए-२५६ हॅश (फाइल नंतर बदलली नाही हे दाखवणारा तिचा सांकेतिक ठसा), आणि कोणत्या उपप्रश्नासाठी घेतली. चौथा रकाना कटकटीचा वाटतो, पण तोच तुम्हाला संग्रह करण्याच्या हव्यासापासून वाचवतो. ज्या फाइलपुढे कारण लिहिता येत नाही ती ठेवू नका. स्क्रीनशॉटमध्ये स्वतःच्या खात्याचे नाव येत नाही ना, ते पाहा. हे साहित्य सर्वसाधारण क्लाउडवर टाकू नका. तिथे आपोआप तपासणी होते आणि संशोधक कोण, प्रचारक कोण हे त्या यंत्रणेला कळत नाही. क्राइस्टचर्चनंतरच्या पहिल्या २४ तासांत एकट्या फेसबुकने त्या व्हिडिओच्या १५ लाख प्रती काढल्याचे जाहीर केले होते. अशा चाळणीत तुमचे सगळे खाते बंद पडू शकते, प्रबंधासकट.

मुलाखतींसाठी नेटवर्क नसलेला साधा रेकॉर्डर वापरा. साध्या रेकॉर्डरमध्ये बहुधा एन्क्रिप्शन नसते, म्हणून त्याच दिवशी फाइल एन्क्रिप्ट केलेल्या कप्प्यात हलवा आणि कार्ड कोरे करा. मुलाखतींचे शब्दांकन स्वतःच्या मशीनवर करा, ऑनलाइन सेवेवर नको. सांकेतिक क्रमांक आणि खरी ओळख जोडणारी यादी मुलाखतींसोबत कधीही ठेवू नये. अनेकदा ती यादी मुळात लागतच नाही. पुन्हा भेटायचे नसेल तर करूच नका.

सीमा ओलांडताना लॅपटॉपवर काहीही नसावे. ब्रिटनच्या बंदरांवर आणि विमानतळांवर दहशतवाद कायद्याच्या शेड्यूल ७ खाली कसलाही संशय नसताना सहा तासांपर्यंत चौकशी करता येते आणि पासवर्ड न देणे हा गुन्हा ठरतो. फाइली आधीच एन्क्रिप्ट करून संस्थेच्या सर्व्हरवर पाठवा, रिकाम्या मशीनने प्रवास करा, पोहोचल्यावर उतरवून घ्या.

मध्यस्थ, मुलाखत आणि खोटे बोलणारे

स्थानिक मध्यस्थाशिवाय हे काम होत नाही, आणि सर्वांत जास्त धोका त्याच्याच डोक्यावर असतो. तुम्ही विमानाने निघून जाता. तो तिथेच राहतो. त्याला विम्यात घ्या, मोबदला आधी ठरवा, नकार देण्याचा अधिकार लेखी नव्हे तर प्रत्यक्ष वागण्यातून द्या. 'आज नको' असे तो म्हणाला की कारण न विचारता भेट रद्द करायची. श्रेयनामावलीत नाव घालावे का, हे त्याने ठरवावे, आणि लेख छापण्याच्या वेळी पुन्हा विचारावे. दोन वर्षांपूर्वीची परवानगी सत्ता बदलल्यावर घातक ठरू शकते.

भेटीची जागा दिवसा गजबजलेली, दोन वाटा असलेली, आणि तुम्ही दोघेही सहज जाल अशी हवी. समोरच्याच्या घरी जाऊ नका आणि त्याला तुमच्या मुक्कामी बोलावू नका. दोघांचे फोन एकाच वेळी एकाच ठिकाणी असल्याचे मोबाइल कंपनीच्या नोंदींत उरते. फोन नेमका भेटीपुरता बंद ठेवणे हीसुद्धा नोंदच असते. तो मुक्कामी चालू राहू द्या. मुलाखत दीड तासाच्या पुढे नेऊ नये. नंतर माणूस थकतो आणि नको ते बोलून जातो. तुरुंगातल्या मुलाखतीला तर मुळातच मर्यादा असतात. पहारेकरी ऐकत असतो, आणि कैद्याला वाटते की बोललो तर सुटका लवकर होईल. तसे होणार नाही हे त्याला आधी स्वच्छ सांगा.

खोटे कसे ओळखायचे? विचारसरणीवर प्रश्न विचारू नका. तिची उत्तरे इंटरनेटवर पाठ करायला मिळतात. रोजच्या गोष्टी विचारा. पहाऱ्याची पाळी किती तासांची होती, बूट कोण द्यायचे, आजारी पडल्यावर कोणाची परवानगी लागायची, पैसे कोणाच्या हातून मिळायचे. तोच प्रसंग तासाभराने उलट्या क्रमाने विचारा. प्रवासाच्या तारखा, हवामान, त्या महिन्यात तो भाग कोणाच्या ताब्यात होता, हे बाहेरून पडताळा. न्यूयॉर्क टाइम्सच्या २०१८ च्या एका पॉडकास्ट मालिकेचा बराच डोलारा आयसिससाठी माणसे मारल्याचे सांगणाऱ्या एका कॅनडावासीयावर उभा होता. सप्टेंबर २०२० मध्ये कॅनडाच्या पोलिसांनी त्याच्यावर दहशतवादाची खोटी बतावणी केल्याचा आरोप ठेवला आणि त्याच वर्षी वृत्तपत्राने मालिकेला मिळालेला पीबडी पुरस्कार परत केला. भीषण कथा हवीहवीशी वाटते, तिथेच पडताळणी सैल पडते.

दोन्ही बाजूंच्या लोकांकडून 'एवढेच जरा विचारून सांग' अशी विनंती येईल. अधिकारी गटाबद्दल विचारतील, गट अधिकाऱ्यांबद्दल. दोन्हींना नकार द्या, अगदी क्षुल्लक गोष्टीलाही. हेरगिरीचा आरोप हा या पेशाचा कायमचा सोबती आहे. डरहॅम विद्यापीठाचे संशोधक मॅथ्यू हेजेस यांना मे २०१८ मध्ये संयुक्त अरब अमिरातीत ताब्यात घेतले गेले, नोव्हेंबरात जन्मठेप सुनावली गेली आणि काही दिवसांनी माफी देऊन सोडले गेले.

संपर्काचे वेळापत्रक आणि अपहरणाची तयारी

क्षेत्रकामात असताना बाहेरच्या एका माणसाशी दिवसातून किमान दोनदा, ठरलेल्या वेळी संपर्क हवा. तो माणूस कुटुंबातला नसावा. घाबरलेला माणूस यादी पाळत नाही. यादी अशी: वेळ टळल्यावर ३० मिनिटांनी तुम्हाला फोन, तासाभराने मध्यस्थाला, दोन तासांनी संस्थेच्या जबाबदार अधिकाऱ्याला, चार तासांनी दूतावास आणि विमा कंपनीला. मिनिटे परिस्थितीनुसार बदला, पण निघण्यापूर्वी लिहून ठेवा आणि एकदा मुद्दाम वेळ चुकवून यादी खरेच चालते का ते पाहा. बहुतेक वेळा दुसऱ्या पायरीवरचा नंबर बंद निघतो.

दबावाखाली बोलत असल्याचे सुचवणारा एक साधा शब्द ठरवा. जिवंत असल्याची खूण म्हणून दोन-तीन प्रश्न बंद पाकिटात ठेवा. त्यांची उत्तरे तुमच्या कुठल्याही जुन्या पोस्टमध्ये नसावीत. विम्याची कागदपत्रे स्वतः वाचा. साध्या प्रवासविम्यात युद्ध आणि दहशतवाद बहुधा वगळलेले असतात. अपहरणाचा विमा घेतला असेल तर त्याबद्दल कोणाशीही बोलू नका. कळले की खंडणीचा आकडा चढतो.

पकडणारे तुमचे नाव शोधून पाहणारच. म्हणून जाण्यापूर्वी स्वतः शोधा, आणि शोधात खोटे पडेल असे काही सांगू नका. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मिशेल स्यूरा यांचे १९८५ मध्ये बैरुतमध्ये अपहरण झाले आणि कैदेतच त्यांचा मृत्यू झाला. प्रिन्स्टनची संशोधक एलिझाबेथ त्सुर्कोव्ह मार्च २०२३ मध्ये बगदादमधून उचलली गेली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सुटली. विषयाचे किंवा भाषेचे सखोल ज्ञान हे संरक्षण आहे, असा समज दोन्ही उदाहरणांनी खोडला आहे.

प्रतिकूल प्रदेशाचे प्रशिक्षण घ्या. ते साधारण तीन ते पाच दिवसांचे असते. त्यातला रक्तस्राव थांबवण्याचा भाग हातानेच शिकावा लागतो: टूर्निके (हातापायाला आवळायचा पट्टा) जखमेच्या ५ ते ७ सेंटिमीटर वर, सांध्यावर नाही, रक्त थांबेपर्यंत आवळायचा, वेळ लिहायची, आणि डॉक्टरापर्यंत सैल करायचा नाही.

रोज हिंसा पाहण्याचे परिणाम

यावर संस्था सर्वांत कमी खर्च करतात. पाहायचेच असेल तर आवाज बंद, खिडकी छोटी, रंग काढलेले. आवाज पुष्कळांना चित्रापेक्षा जास्त काळ छळतो. तो लागणार असेल तर चित्र झाकून वेगळा ऐका. फोल्डरमध्ये छोटी चित्रे न दाखवता फक्त नावे दाखवा, आणि नावातच 'मृत्युदंड' किंवा 'लहान मूल' असा इशारा लिहा. एका बैठकीत ४५ मिनिटांपेक्षा जास्त नको, रात्री नको, झोपायच्या खोलीत तर नकोच. वर्णन लिहिलेले पुरत असेल तर तेच वाचा. दुसऱ्या सहकाऱ्याने एकदा पाहून केलेली नोंद सगळ्यांना वापरता येते.

झोप उडणे, चिडचिड, गर्दीत दारे शोधत बसणे ही लक्षणे लोक ओळखतात. काहीच न वाटणे हे लक्षण मात्र बढाईचा विषय होते. जेवता जेवता शिरच्छेदाचा व्हिडिओ पाहता येऊ लागला तर तुम्ही कणखर झालेला नाहीत, काम काही आठवडे थांबवायची वेळ आली आहे. प्रचारगीतांच्या चाली डोक्यात घोळणे हाही या कामातला नेहमीचा अनुभव. त्याला घाबरू नका, पण सहकाऱ्याला सांगा. या आघातांची माहिती असलेला समुपदेशक प्रकल्पाच्या अर्जातच, खर्चाच्या रकान्यासह, धरा. त्रास सुरू झाल्यावर शोधायला गेलात तर रांग महिन्यांची असते.

छापण्यापूर्वी आणि नंतर

नाव बदलले म्हणजे ओळख लपली असे नाही. हुद्दा, वय, गाव, सोडून आल्याचे वर्ष आणि भावाचा मृत्यू, एवढ्यावरून गटातला माणूस त्याला क्षणात ओळखतो. मजकूर त्या भागाचे ज्ञान असलेल्या दोघांना द्या आणि 'हा कोण?' असे विचारा. अंदाज बरोबर आला तर एकेक तपशील काढत जा; दोन व्यक्तींचे तपशील एकत्र करण्यापेक्षा काढून टाकणे प्रामाणिक. प्रचाराचे थेट दुवे देऊ नका. फोटोंतला मेटाडेटा (फोटो कुठे, केव्हा काढला याची फाइलमध्ये दडलेली माहिती) काढा. तुम्ही आणि मध्यस्थ त्या भागातून निघाल्यावरच प्रसिद्ध करा.

प्रसिद्धीच्या आठवडाभर आधी सर्व खात्यांना हार्डवेअर की (खाते उघडताना जोडायची छोटी चावी) लावा, सिमकार्ड परस्पर बदलले जाऊ नये म्हणून मोबाइल कंपनीकडे पिन ठेवा, आणि पत्ता, मुलांची शाळा, संकेतस्थळाच्या नोंदणीतला फोन हे सगळे शोधून काढून टाकायला लावा. संस्थेच्या पानावर खोली क्रमांक आणि तासिकांच्या वेळा नकोत. धमक्या आल्या तर उत्तर देऊ नका. तारखेसह जतन करा, आणि ते वाचण्याचे काम काही दिवस सहकाऱ्याकडे द्या. महिला आणि अल्पसंख्याक संशोधकांना धमक्या जास्त आणि जास्त घाणेरड्या येतात. तेव्हा 'दुर्लक्ष कर' हा वरिष्ठांचा सल्ला कामाचा नसतो. पोलिसांत तक्रार कोणी करायची हे आधी ठरलेले हवे.

शेवटचे काम म्हणजे नष्ट करण्याची तारीख. कच्च्या ध्वनिफिती केव्हा पुसायच्या ते नीतिसमितीच्या अर्जातच लिहा आणि त्या दिवशी पुसा, बॅकअपसह. फक्त एक गोष्ट ध्यानात ठेवा: न्यायालयाची नोटीस आल्यानंतर पुसणे हा स्वतंत्र गुन्हा होतो, म्हणून हे काम वेळापत्रकाप्रमाणे नोटिशीच्या आधीच उरकलेले असावे. मध्यस्थाला लेख प्रसिद्ध झाल्यावर आठवड्याने, महिन्याने आणि सहा महिन्यांनी फोन करा. त्याला जागा बदलावी लागली तर त्याच्या खर्चाची तरतूद प्रकल्प संपल्यावरही शिल्लक असली पाहिजे.